न केलेल्या चोरीची कबुली

“हिचं लुगडं झटका,” मालक म्हणाला.

सगळे माग बंद केले होते. दिवसभर खडखडणारा कारखाना एकदम गप्प. मागावरचे गडी उठून उभे राहिलेले. आम्ही मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका भिंतीला लागून रांगेत. सुताचे गठ्ठे कमी भरले होते. मालकानं प्रत्येकीला एकच विचारलं, “कुठं राहतेस?” कुणी पेठेचं नाव सांगितलं, कुणी चाळीचं. मी आमच्या वस्तीचं नाव सांगितलं; शहर तिला चोरांची वस्ती म्हणायचं. माझ्यानंतरच्या बायकांना मग काही विचारायची गरजच पडली नाही.

मुकादमानं माझा पदर ओढला. पुरुष माणूस. मी निऱ्या दोन्ही हातांनी गच्च धरल्या. त्यानं हातावर फटका मारला आणि लुगडं झटकलं. काय पडणार त्यातून? सुताचा गठ्ठा काय निऱ्यांत मावतो? मालकाला हे कळत नव्हतं असं नाही. गडी खाली बघत होते. एकजण हसला.

मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. दुष्काळात आम्ही वळसंग सोडलं. बाप खडी फोडायच्या कामावरच मेला. आई आणि मी सोलापुरात आलो. आई लोकांची भांडी घासायची, मी कांड्या भरायची. पोटाला मिळत होतं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

मालकानं फोन केला. हवालदार आला आणि भर दुपारी मला रस्त्यानं चालवत चौकीत नेलं. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. कुणीतरी विचारलं, “काय केलं हिनं?” हवालदार म्हणाला, “काय करणार? ह्यांचा धंदाच हाय तो.”

चौकीच्या मागं एक खोली होती. फौजदार खुर्चीवर बसून चहा पीत होता. मला बाकावर पालथी पाडली, पाय बांधले आणि तळव्यांवर पट्टा सुरू झाला. पहिला फटका बसला तेव्हा मला कळलंच नाही की तो पायावर बसला. डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं. मी आईला हाका मारल्या. पाणी मागितलं. हवालदारानं तांब्या माझ्या तोंडापुढं आणला आणि जमिनीवर ओतला.

मग पाय सोडले. फौजदार म्हणाला, “नाच आता. नाच म्हणजे सूज दिसत नाही.”

मी नाचले. पडले. उठवली. पुन्हा नाचले.

शेवटी मी हो म्हटलं. हो, मीच नेलं सूत. वाटलं, आता थांबतील. फौजदारानं विचारलं, “कुठं ठेवलंस?” ते मला कुठं ठाऊक होतं? चोरी केली असती तर सांगितलं असतं. मी सांगू शकले नाही, म्हणून पुन्हा बाकावर. मग मी सुचतील ती नावं सांगितली. विहीर सांगितली, उकिरडा सांगितला. तिथं काही सापडेना, की पुन्हा पट्टा.

दुसरा दिवसही गेला. तिसऱ्या दिवशी हवालदारानं मागच्या दारानं बाहेर काढलं. म्हणाला, “जा घरी. सूत सापडलं.” गठ्ठे कुणी नेलेच नव्हते. ते चुकून मालकाच्या भावाच्या कारखान्यात उतरले होते. मला आणलं होतं, ठेवलं होतं, मारलं होतं, याची चौकीत कुठंच नोंद नव्हती. मी तिथं गेलेच नव्हते म्हणा.

चौकीबाहेर बसून राहिलेल्या आईनं मला पाठीवर घेऊन घरी आणलं. मिठाच्या पाण्यानं पाय शेकले. शेकताना ती एकच म्हणत होती, “कुणाला सांगू नगं. लगीन व्हायचं हाय तुजं.”

त्यानंतर खाकी कपडा दिसला की माझ्या अंगाला दरदरून घाम सुटायचा. पोस्टमन आला तरी मी चुलीमागं जाऊन बसायची. झोपेतून ओरडत उठायची. आईनं अंगारा आणला, गंडा बांधला. तिच्याजवळ दुसरं काय होतं?

मालकाचा निरोप आला, कामावर ये. लंगडत गेले. मालक गोड हसला. म्हणाला, “अगं, गैरसमज झाला. मनात ठेवू नकोस.” आणि एक चादर पुढं केली. कारखान्यातलीच, नवी कोरी.

मी म्हटलं, “चादर नगं मला. माजं लुगडं ज्यांच्यासमोर झटकलं, त्यांना गोळा करा. त्यांच्यासमोर सांगा, ही चोर न्हवती म्हणून.”

मालकाचं हसू गेलं. “जीभ लई चालायला लागली की तुझी.”

“व्हय. पाय चालत न्हाईत न्हवं आता.”

त्यानं मला तिथल्या तिथं कामावरून काढलं. मी विड्या वळायला लागले. पण ती चादर घेतली नाही, याचा मला एक दिवसही पस्तावा झाला नाही.

पुढं तीन-चार वर्षांनी आमच्या वस्तीत एक बाई यायला लागल्या. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या इंदूबाई. दर रविवारी समाजमंदिरात बायकांना अक्षरओळख शिकवायच्या. आणीबाणी नुकतीच उठली होती. बाई एके दिवशी म्हणाल्या, “आज धडा नको. आज कायदा वाचू.” आणि वाचायला लागल्या. पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. बाईची झडती बाईनंच घ्यायची, अब्रू राखून. अंगावर मार असेल तर डॉक्टरी तपासणी मागता येते. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही.

मी उभी राहिले. “काय म्हनला बाई? परत सांगा.”

बाईंनी परत सांगितलं. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही.

“मग मला मारून काय वदवून घेतलं त्यांनी? त्याचा उपेग न्हवता, तर मारलं कशाला?”

बाईंनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, “मारता येतं म्हणून. कुणी विचारत नाही म्हणून.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. चौघींसमोर, मोठ्यानं. बाईंनी घाई केली नाही, पुरे म्हणाल्या नाहीत. मी थांबले की त्याही थांबायच्या. माझं संपल्यावर शेजारची मल्लव्वा तिच्या भावाचं सांगायला लागली. मग आणखी एक. प्रत्येकीच्या घरात चौकीत मार खाल्लेला एक तरी होता. आणि प्रत्येक घराला वाटत होतं, हे आपल्याच नशिबात आलं.

नशीब कसलं? तो गुन्हा होता, आणि केला त्यांनी होता.

त्यानंतर काही महिन्यांतच मल्लव्वाच्या नवऱ्याला, मल्लूला उचललं. तो हमाल. दुकानातून धान्याचं पोतं गेलं म्हणून. सकाळी मल्लव्वा रडत आली. आम्ही वस्तीतल्या दहा-बारा बायका निघालो. इंदूबाई पुढं. तीच चौकी, तोच फौजदार. मी त्याच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले.

फौजदार म्हणाला, “काय गं, तू वकील लागून गेलीस का?”

मी म्हटलं, “न्हाय सायब. मी तुमच्या मागच्या खोलीत मार खाल्लाय. मल्लूला कदी आणला, ते लिवून घ्या. उद्या सकाळी कोर्टात न्ह्या. आमी हितनं हलत न्हाई.”

त्यानं शिव्या दिल्या. आईवरून, जातीवरून. आम्ही चौकीसमोर बसून राहिलो. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. आत मल्लूच्या ओरडण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

दुसऱ्या दिवशी मल्लूला कोर्टात आणलं. व्हरांड्यातून नेताना मल्लव्वा ओरडली, “सायब इचारतील. सांगा. भिऊ नगा.” मॅजिस्ट्रेटनं विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मल्लूनं शेजारच्या हवालदाराकडं बघितलं. “न्हाय,” म्हणाला. कोर्ट पुढं जाणार, इतक्यात तो म्हणाला, “हाय सायब. हाय.” आणि त्यानं सदरा वर केला.

मॅजिस्ट्रेटनं त्याला तपासणीला सिव्हिलला पाठवलं. डॉक्टरनं वळ लिहून घेतले. मल्लू सुटला. त्याचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. हमाली गेली. फौजदाराला शिक्षा झाली नाही. बदली झाली. जाताना व्यापाऱ्यांनी त्याचा सत्कार केला, त्यात माझा मालक होता.

इंदूबाई आता थकल्यात. वर्ग मी घेते. मार खाऊन आलेला कुणी असला, तर त्याच्यापाशी बसते. बोलला तर ऐकते, नाही बोलला तरी बसते. बाकीच्यांना कायदा सांगते. शेवटी म्हणते, मी चोर नव्हते. आणि असते, तरी मला मारायचा हक्क कुणालाच नव्हता.

पहिलं सगळ्यांना पटतं. दुसरं पटत नाही. आमच्याच लोकांना पटत नाही. “चोर असला तर मारायलाच पायजे की,” असं मार खाल्लेली माणसंसुद्धा म्हणतात.

तिथं मी अडून बसते. चोर असला तरी नाही. खुनी असला तरी नाही. कुणी रागानं उठून जातं, जाऊ दे. पुढच्या रविवारी मी पुन्हा तेच सांगणार. हे पटल्याशिवाय मी कुणाला पुढचं शिकवणार नाही.