गंगेवरचा उमासा

गंगाखेडात आमचं औषधांचं दुकान आहे. मुलगा दुकान बघू लागला तशी मी मोकळी झाले आणि या वयात चित्रं शिकायचं काढलं. शिकवणाऱ्या बाई शाळेतून रिटायर झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका. रविवारी सकाळी त्या आम्हा तिघी-चौघींना गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या काठावर नेत.

पहिल्या दिवशी मी निळंशार पाणी, मागं डोंगर आणि काठाला दोन नारळाची झाडं काढली. बाईंनी कागद बघितला, मग समोर बघितलं.

"ताई, ही नारळं कुठं दिसली तुमाला?"

"दिसली नाहीत. पण चित्रात बरी वाटतात."

"समोर जे हाय ते बघा. अन् बघून आत काय होतंय, ते काढा."

आत काय होतंय! उन्हाळ्यानं पाण्याची धार तुटली होती. डबक्यांवर हिरवी साय, निर्माल्याच्या फुगलेल्या पिशव्या, देवांच्या फुटक्या तसबिरी, कुणाची तरी कापूस बाहेर आलेली गादी. पलीकडं मेलेलं डुक्कर, पाय वर करून. वारा फिरला की वास थेट घशात. मी नाकाला पदर लावला.

"बाई, मला उमासा यायलाय."

"मग तोच येऊ द्या कागदावर."

राग आला मला त्यांचा. त्या रागातच मी नवा कागद घेतला, हिरव्यात तपकिरी कालवला, वर काळा ओतला. रंगांचा चिखल झाला. एरवी असा कागद मी फाडून टाकला असता. त्या दिवशी तो चिखल सुरीनं थापला, ब्रशच्या दांड्यानं ओरबाडला. पिशव्यांसाठी पांढरा बोटानंच फासला. डुकराचा करडा-गुलाबी गोळा काढताना अंगावर काटा आला. बघितलं तर कागदावरही तीच घाण बसलेली. हात मात्र बाटलीतल्या पाण्यानं धुतले. नदीचं पाणी लावायची हिंमत नव्हती.

घरी नणंद आलेली होती. चित्र बघून म्हणाली, "वहिनी, कुणी ओकल्यासारखं दिसायलंय हे. जेवायच्या खोलीत ठेवू नका बरं." ह्यांनी ते गुपचूप माळ्यावर टाकलं. मी परत खाली काढलं.

पुढं बाईंनी आमच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. सभागृह देणारे गृहस्थ आदल्या दिवशी बघायला आले आणि माझ्या चित्रापुढं थांबले.

"गंगामाईचं असं चित्र? लय वाईट दिसतंय. पाण्यात चार दिवे सोडा. अन् हा गोळा दगड करून टाका."

मी म्हटलं, "मी घाटावर हे काढत होते तेव्हा तुमी गाडी थांबवून पुलावरून पिशवी टाकली होती. टाकून नमस्कार केला. मी बघितलंय. ती पिशवी हाय यात, ही बघा."

त्यांचा चेहरा उतरला. "श्रद्धेचा विषय असतो तो," म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी माझं चित्र संडासाकडं जायच्या बोळात टांगलेलं. चीड आली, पण काढलं नाही. येणारे-जाणारे तोंड वाकडं करत आणि आतल्या सूर्यास्तांच्या चित्रांकडं वळत. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "चला हो, घाण हाय नुसती."

आमच्या बाई माझ्या शेजारीच होत्या. "आता जमायलंय तुमाला," म्हणाल्या.

चित्रं काढल्यानं मन शांत होतं म्हणतात. माझं झालं नाही. पूर्वी पुलावरून जाताना मी दुसरीकडं बघायची; आता सगळं दिसतं, आणि दिसलं की जेवण जात नाही. गेल्या रविवारी बाई म्हणाल्या, उसाच्या शेतांकडं जाऊ, तिकडं हवा बरी आहे. बाकीच्या गेल्या. मी रंगांची पेटी घेऊन घाटावर उतरले. डबक्यात कुणीतरी नवीनच काहीतरी टाकलं होतं, गोणपाटात बांधून, आणि त्यावर माशा बसल्या होत्या. मी तोंडाला रुमाल बांधला आणि हिरवा रंग काढला.