बारमाही शाळा

कवठेवाडीच्या शाळेचे मुख्याध्यापक सिद्रामप्पा हे पक्के संशयी गृहस्थ होते, आणि त्याची त्यांना बिलकुल लाज नव्हती. दूध घेताना आधी त्यात बोट बुडवून बघणार. एसटीवर ‘औसा’ अशी पाटी वाचूनही कंडक्टरला विचारणार, आणि कंडक्टर हो म्हणाला तरी शेजारच्या उतारूकडून खातरजमा करून घेणार. एका लग्नात तर, पत्रिकेत छापलंय तीच नवरी उभी आहे ना, असं विचारून त्यांनी मांडवात गहजब उडवून दिला होता. त्यांच्या पत्नी शिवगंगाबाई यावर रागवायचं कधीच विसरल्या होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्या एवढंच शिकल्या होत्या, की आधी पुरावा दाखवायचा आणि मग बोलायचं.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. कचेऱ्यांच्या भिंतींना अजून चुन्याचा वास होता आणि साहेबलोकांना नव्या जिल्ह्यात काहीतरी नवं करून दाखवायची घाई होती. पावसानं मात्र सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. अशात पुण्याहून डॉक्टर उपासनी नावाचे शिक्षणतज्ज्ञ आले आणि त्यांनी योजना मांडली, बारमाही शाळेची. उन्हाळ्याची लांबलचक सुट्टी बंद. दोन महिने शाळा, पंधरा दिवस सुट्टी, पुन्हा दोन महिने शाळा, असं वर्षभर. मोठ्या सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात असं परदेशातल्या अभ्यासांत दिसून आलंय, म्हणे. प्रयोगासाठी एक शाळा हवी होती. कुणाच्या मनात काय आलं कोण जाणे, कवठेवाडीचं नाव निघालं.

“नदी बारमाही न्हाई, हीर बारमाही न्हाई, अन् शाळा तेवढी बारमाही?” सिद्रामप्पा घरी येऊन म्हणाले.

डॉक्टरांना त्यांनी सोडलं नाही. त्या परदेशातल्या पोरांना मे महिन्यात ऊन किती लागतं? विसरली हे मोजलं कसं? सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर तीच पोरं होती, की दुसरी? डॉक्टर माणूस वाईट नव्हता. चहा पिता पिता त्यांनी कबूल केलं, की काही अभ्यासांत फायदा दिसतो, काहींत काहीच दिसत नाही, जाणकारांचंही यावर एकमत नाही. पण दुसऱ्या दिवशी सभेत उभे राहिले ते फक्त फायद्याचं बोलले. चहाबरोबर खरं बोलणारा माणूस व्यासपीठावर अर्धंच बोलतो, ही गोष्ट सिद्रामप्पांनी मनात पक्की धरून ठेवली.

मे महिना लागला. कवठेवाडीला तोवर टँकर मंजूरच नव्हता. बाया माळापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. आता भर उन्हाळ्यात शाळा उघडी म्हटल्यावर पोरांच्या नावानं टँकर आला आणि शाळेच्या टाकीत पाणी पडू लागलं. पहिल्याच दिवशी टाकीवर अशी झोंबाझोंबी झाली, की दोन घागरी चेपल्या आणि एका बाईचं डोकं फुटलं. सिद्रामप्पांनी तिथल्या तिथं नियम केला, शाळेत हजर असलेल्या प्रत्येक पोरामागं एक घागर, आणि तीही शाळा सुटल्यावर.

झालं. दुसऱ्या दिवसापासून शाळा गच्च. शेळ्यांमागं जाणारी पोरं आली, ज्यांचं नाव वर्षानुवर्षं नुसतं कागदावर होतं ती आली, ज्यांचे दुधाचे दातही पडले नव्हते ती थोरल्या बहिणीच्या कडेवर बसून आली. व्हरांड्यात घागरींची रांग लागली. कशासाठी का आली असेनात, सिद्रामप्पांनी आलेल्यांना शिकवलं. समोर पोर बसलंय आणि मास्तर गप्प, हे त्यांच्यानं होत नसे.

डॉक्टर जीप घेऊन आले आणि हजेरी बघून हरखलेच. घागरी बघून तर म्हणाले, “वा! श्रमसंस्कारही आहे!” सिद्रामप्पांनी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात जीप सुरू झाली.

“सांगणारच व्हतो मी,” ते शिवगंगाबाईंना म्हणाले.

“व्हय की. तोंड तर उघडंच व्हतं तुमचं.”

मग लातूरहून निरोप आला. मोठी बैठक आहे, कवठेवाडीच्या गुरुजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून योजना सगळ्या जिल्ह्याला लागू करायचा विचार आहे. सिद्रामप्पांना पुढचं दिसू लागलं. आपल्या एका शाळेच्या हजेरीवर चाकूरपासून निलंग्यापर्यंतची पोरं मे महिन्यात पत्र्याखाली बसणार, आणि एवढ्या गावांना पुरतील इतके टँकर जिल्ह्यात नाहीत.

“हे थांबवाय पायजे,” ते म्हणाले.

शिवगंगाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले. “अन् खरं सांगितल्यावर आपल्या गावचा टँकर ऱ्हाईल का?”

टँकर जाईल, हे सिद्रामप्पांनाही दिसत होतं. तरी ते गेले.

सत्कार झाला, टाळ्या झाल्या, दोन शब्द बोला म्हणून आग्रह झाला. शाल खांद्यावर असतानाच सिद्रामप्पा म्हणाले, “साहेब, पोरं शाळेला येत न्हाईत. पाण्याला येतात.” आणि त्यांनी घागरीचा नियम सांगून टाकला.

दालनात चुळबुळ झाली. डॉक्टर उपासनी चिडले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला. “गुरुजी, तुमची शंका रास्त आहे. मग तपासून पाहू. बाकी सगळं तसंच ठेवून आठ दिवस टँकर बंद करू. हजेरी टिकली तर योजना खरी, नाही तर तुमचं खरं.”

टँकरची तशीही ओढाताण होती. वरच्या साहेबांनी लगेच मान डोलावली. सगळे सिद्रामप्पांकडे बघू लागले. जन्मभर ज्यानं प्रत्येकाकडं पुरावा मागितला, त्याच्यासमोर आता पुरावा काढायची रीत कुणीतरी ठेवली होती. नको, म्हणावंसं त्यांना फार वाटलं. पण शब्द फुटला तो “बरं” एवढाच.

पहिल्या दिवशी पोरं घागरी घेऊन आली, बसली, आणि संध्याकाळी रिकाम्या घागरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी निम्मी आली. चार दिवसांत वर्गात चिटपाखरू नव्हतं. सिद्रामप्पांचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. योजना गुंडाळली गेली. जिल्ह्यातली पोरं पत्र्याखाली बसायची वाचली. आठ दिवस संपेपर्यंत तो टँकर दुसऱ्या गावाला लागला होता, तो काही परत आला नाही.

खरं ठरल्याचा आनंद होतो म्हणतात. सिद्रामप्पांना तो झाला नाही. ते शाळेच्या ओट्यावर बसून होते, तेव्हा समोरच्या वाटेनं शाळेतल्या दोन पोरींची आई तारामती निघाली. डोक्यावर घागर, मागं तिच्या दोन्ही पोरी, त्यांच्याही डोक्यावर कळश्या. माळापलीकडच्या विहिरीकडं. शाळेसमोर येऊन ती थांबली.

“गुरुजी, लातुरात काय बोललाव ते समदं कळालं आमाला.”

“खरं तेच बोललो, बाई. बाकीच्या गावच्या पोरांचे लई हाल झाले असते.”

“खरंच व्हतं की. आमी कुठं न्हाई म्हणून राहिलाव?” तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच सिद्रामप्पांना झेपेना. “माझ्या पोरी पाण्यासाठीच येत व्हत्या. पर आल्यावर काय करत व्हत्या, ते तुमी सायबाला सांगितलं का? धाकटी वाचाय लागली व्हती, गुरुजी. औशाच्या बाजारात दुकानाच्या पाट्या वाचून दाखीवल्या तिनं मला.”

सिद्रामप्पांनी धाकटीकडं पाहिलं. तिला बाराखडी त्यांनीच शिकवली होती. कळशीखाली तिची मान आखडली होती आणि तिला बोलण्यात काही रस नव्हता, ऊन चढायच्या आत तिला जाऊन यायचं होतं. पोरं किती येतात, एवढंच डॉक्टरांनी मोजलं आणि का येतात, एवढंच सिद्रामप्पांनी तपासलं. आलेली पोरं शिकली का, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं, आणि सिद्रामप्पांना तर ते विचारायचीही गरज नव्हती. त्यांना ते माहीत होतं.

“चला गं,” तारामती पोरींना म्हणाली, आणि तिघी माळाला लागल्या.