पूजेत बसलेला तेलपंप

दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळी साडेनऊ. नांदेड, आमच्या अंगणातली पत्र्याची शेड. हजर: मी, सासूबाई, धाकटे दीर आणि गाडीचे मिस्त्री. गैरहजर: लातूरहून येणारं पंपाचं रबरी सील.

माझा डावा पाय लहानपणापासून अधू. क्लच दाबणं जमत नाही, म्हणून ही जुनी ऑटोमॅटिक गाडी. तिच्यामुळे मी रोज एकटी अर्धापूरला ऑफिसात जाते. ती मोडीत निघाली तर दिरांची जीप होतीच. दीर प्रेमळ आहेत, पण वाटेत ओळखीचा माणूस दिसला की ब्रेक दाबतात, आणि त्या रस्त्यावर त्यांच्या ओळखीचं नाही असं कुणीच नाही.

गाडीला गिअर टाकला की ती आधी विचार करायची, मग निघायची. मिस्त्री म्हणाले, गिअरबॉक्सला तेलाचा दाब देणारा पंप झिजलाय. अष्टमीला त्यांनी गिअरबॉक्स उतरवून तो आमच्याच शेडमध्ये उघडला. आत एकात एक बसलेली दोन दातेरी चाकं. ती उलटी बसली तर पंप खाऊन टाकतील, म्हणून त्यांनी दोन्हींच्या वरच्या बाजूला मार्करनं ठिपका दिला. मी कामांच्या यादीत लिहिलं: ‘ठिपके वर.’

मधे खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी विळ्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळं पूजेला बसतं. पंपही बसला.

मिस्त्रींनी चाकं हातात घेतली. चाकं लखलखत होती.

“ताई, ठिपके कुठं गेले?”

मी सासूबाईंकडे बघितलं.

“म्या घासले,” त्या म्हणाल्या. “चिंच लावून. लई मळकं होतं. देवापुढं असं काळं ठेवत असतेत का?”

“आवो आजी, ती खूण होती!”

“मंग कुंकवानं करायची. मला काय म्हाईत.”

दीर दाराला टेकून हसून राहिले होते. “वहिनी, जीप धुवून ठेवू का?”

माझ्या हातात यादी होती. तिच्यात अगदी नीट लिहिलं होतं, ठिपके वर.

मिस्त्री चाक उन्हात तिरपं धरून बराच वेळ बघत बसले. मग पंपाचं झाकण शेजारी धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला गोल ओरखडे होते, आणि चाकाच्या एकाच तोंडावर तसलेच ओरखडे, तितक्याच अंतरावर. म्हणजे हे तोंड झाकणाकडचं. दुसऱ्या चाकाचंही तसंच जुळलं.

“आजीच्या चिंचेनं एक झालं,” मिस्त्री नाइलाजानं म्हणाले. “वरखडे साफ दिसून राहिलेत.”

“तरी म्हणलं,” सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

पुढची कामं यादीबरहुकूम. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर आणि थोडं तेल, त्यावर झाकण घासून सपाट. आतलं ढिलं झालेलं कडं, म्हणजे बुश, बदललं. चाकं जागेवर ठेवून वर पोलादी पट्टी आडवी धरली आणि फटीत मापाची पातळ पाती सरकवली. पहिली शिरली, तिच्याहून जाड अडली. “बस्स, फट मापात हाय,” मिस्त्री म्हणाले. धुतलेला पंप पुसायला सासूबाई जुनं लुगडं घेऊन आल्या, तेव्हा मात्र मिस्त्रींनी हात जोडले. एक धागा आत राहिला तरी पुन्हा सगळं उघडावं लागलं असतं. हवा मारून सुकवला. चाकं तेलात बुडवून बसवली, पंपाची दोन्ही अर्धी पाइप आवळायच्या मोठ्या पट्ट्यानं आवळून सारखी केली, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे पिळले. हातानं फिरवला तर लोण्यासारखा फिरला.

दुपारी बसनं सील आलं. गिअरबॉक्स चढायला आणखी दोन दिवस लागले. पहिल्या फेरीला दीर शेजारी बसले. गिअर टाकला, गाडी लगेच निघाली.

“न्हाई थांबली,” ते म्हणाले. जरा हिरमुसलेच.

पंधरा दिवस चालवून गिअरबॉक्सचा खालचा ट्रे उघडायचा, तेलात धातूची चमक, म्हणजे नवी झीज, दिसते का बघायचं, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. पंधरा दिवस होऊन महिना लोटला. गाडी दोन दिवस ठेवावी लागेल, म्हणजे जाऊन-येऊन जीपच्या चार खेपा. मिस्त्रींचा कालही फोन आला. मी म्हणाले, पुढच्या सोमवारी नक्की. यादीत तेवढ्याच ओळीपुढे खूण नाही.