पेटीतलं शेवाळ

आक्का नसती तर मी या शहरात टिकले नसते, हे आधी सांगते. आक्का म्हणजे कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागातली जुनी शिपाई. बिडकीनहून रोज एसटीनं यायची. तिचं माझं नातं काही नाही.

मी आठवीतून शाळा सोडलेली, सिंधुदुर्गातल्या खाडीकाठची. ह्यांच्या नोकरीपायी इकडे आले आणि वर्षभरात ह्यांचा हात कंपनीतल्या मशीनमध्ये सापडला. पुंडलिकनगरातल्या एका खोलीत ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. गावी परत जायचं तर कुठल्या तोंडानं, ही रोजची धास्ती. अशात मला त्या विभागात झाडूपुसायचं काम मिळालं, तेही तात्पुरतं. तिथले सर म्हणाले होते, "बाहेरगावचे पाहुणे येताहेत. ते होऊन जाऊ दे, मग तुला ठेवायचं की नाही बघू."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी कपाटातले, पेट्यांतले सगळे दगड ओल्या फडक्यानं पुसून काढले. कोणी सांगितलं नव्हतं. काम दिसावं म्हणून केलं.

दुसऱ्या दिवशी सर घाईत आले आणि कपाटातली एक लाकडी पेटी माझ्या हातात दिली. "यात लाल शेवाळ आहे, सोलेनोपोरा. जगात आता कुठेच जिवंत उरलेलं नाही. जपून टेबलावर मांड." एवढं बोलून ते पाहुण्यांना आणायला गेले.

मी पेटी उघडली. आत कापसावर एक कापलेला दगड, फिकट, धुरकट. शेवाळ कुठेच नाही. दगड उलटा करून पाहिला, कापूस उचकटून पाहिला.

आमच्याकडे शेवाळ म्हणजे विहिरीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर धरतं ते. पाऊस सरला की आई करवंटीनं खरवडायची. शेवाळ दगडावर असतं; दगडालाच शेवाळ म्हणतात हे मला कुठून कळणार? मला एवढंच कळलं, की काल मी ते पुसून टाकलं. जगातलं शेवटचं.

बागेमागच्या हौदावर गेले, कडेचं हिरवं शेवाळ नखांनी काढलं आणि आणून त्या दगडावर थापलं. सर लाल म्हणाले होते, हे आठवत होतं. म्हटलं, सुकल्यावर रंग बदलत असेल.

तेवढ्यात आक्का आली. "हे काय लावलंस गं?"

"शेवाळ. आधीचं काल माझ्या हातून पुसलं गेलं."

ती हसली नाही. "अगं येडे, हा दगडच शेवाळ हाय. लई जुनं. समुद्रात व्हतं म्हणं, अंगात चुना धरून धरून दगड झालं. तुझ्या फडक्यानं त्याला काय व्हतंय? आण इकडं."

नळाखाली धरून तिनं हिरवा चिकटा अंगठ्यानं घासून काढला. जिन्यात बुटांचे आवाज आले. पुसायला वेळच नव्हता. निथळता दगड तिनं तसाच टेबलावर ठेवला.

सर दारातूनच म्हणाले, "हा ओला कोणी केला?"

मी हिरवी झालेली नखं पदराखाली लपवली.

"म्या केला, सर," आक्का म्हणाली. "सुका ठिवला की रेघा दिसत नाय. पोरांना दाखवताना तुम्हीच भिजवता नव्हं का?"

पाहुणे वाकून बघायला लागले. पाण्यानं दगडाचा रंग खुलला होता. गुलाबी आणि पांढऱ्या रेघा एकाखाली एक उमटल्या होत्या. सर बोलण्यात रमले. जाताना मला म्हणाले, "उद्या वेळेवर ये."

सगळे गेल्यावर आक्कानं भिंग माझ्या हातात दिलं. बारीक बारीक नळ्या, एकमेकींना खेटून उभ्या. एवढी गर्दी होती, मग सगळं कसं संपलं, मी विचारलं.

"मला काय ठाव. वंश बुडाला म्हणतात. तू कशाला तोंड पाडतीस? तुझं काम ऱ्हायलं की."

घरी जाऊन ह्यांना सांगितलं. ते कूस वळवून हसले, कितीतरी दिवसांनी. मग दुखरा हात उशीखाली सारून परत भिंतीकडे वळले. धास्ती काही गेली नाही. अजूनही कोणी काही काम सांगितलं की मी दोनदा विचारून घेते.

आक्का आता घरीच असते, गुडघे दुखतात. मागं भेटायला गेले तर म्हणाली, "इतकी वर्सं समुद्राचं शेवाळ पुसलं, पर समुद्र काय बघितला नाय. लई खारं असतं व्हय गं पाणी?"

आमच्याकडे ओहोटी लागली की खडकांवर लालसर शेवाळ उघडं पडतं. जिवंत, पाय ठेवला की घसरवणारं. सध्या ह्यांच्या औषधपाण्यातून माझंच गावी जाणं होत नाही. पण आक्काचे गुडघे पुरते बसायच्या आत मी तिला तिकडे नेणार आहे, हाताला धरून त्या खडकावर उभी करणार आहे. तिला अजून बोलले नाही. इथं लिहून ठेवते.