जवळच्या नंबरचा चष्मा

राइस मिलच्या आवारात उकडलेलं धान वाळवायचं काम आम्ही दोघी बहिणी करायचो. धान पसरायचं आणि दिवसभर त्यात पाय ओढत चालायचं, म्हणजे खालचं वर येतं. धाकटीच्या पायाच्या रेघा नांगरासारख्या सरळ यायच्या. मिल गोंदियाला, आमचं गाव दोन कोस. सायकल मी चालवायची, ती मागे कॅरिअरवर बसायची.

चाळिशी लागली आणि रस्ता अंधुक झाला. ट्रक अगदी जवळ आल्यावर कळायचा. सायकल सुटली तर मिल सुटणार होती, म्हणून सरकारी दवाखान्यात डोळे दाखवले. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर दोन नंबर लिहिले, दूरचा आणि जवळचा. सायकलीला दूरचा लागेल, हेही समजावून सांगितलं.

दोन्ही नंबर एका काचेत बसवणं परवडणारं नव्हतं. दुकानदाराने सगळ्यात स्वस्त फ्रेम काढली. "एक ही नंबर का बनेगा. किस काम के लिए चाहिए?"

"सायकल के लिए," मी हळू म्हटलं.

"क्या?"

मागे उभ्या असलेल्या एका माणसाने ऐकलं होतं. "बाई सायकलसाठी चष्मा घेऊन राहिली रे! उद्या फटफटी मागते का काय!"

सगळे हसले. दुकानदारही. माझे कान तापले. मान खाली घालून म्हटलं, "पढ़ने का."

"तो ऐसा बोलो ना."

चौथीनंतर मी कधी पुस्तक हातात धरलं नव्हतं.

आठ दिवसांनी चष्मा मिळाला. लावला तर तळहाताच्या रेषा स्वच्छ, रस्ता आधीपेक्षा वाईट. बदलून मागायचा तर पुन्हा तोंड उघडावं लागलं असतं. मी तो पिशवीतच ठेवू लागले. एका सकाळी बहिणीने पाहिलं.

"पिशवीत ठेवाले आणला का, बाई?"

"लावते नंतर."

"मंग कायले आणला? लाव न. मले भेव लागते तुह्या मागं बसाले."

मी लावला.

धुकं होतं. पुढे काहीतरी तांबडं दिसलं, दूर वाटलं. ती रस्त्यात उभी असलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती. कळलं तेव्हा हँडल मुरडलं. मी कडेला पडले, ती रस्त्यावर. मागून येणारी मोटारसायकल तिच्या घोट्यावरून गेली.

हाड जुळलं ते वाकडं. त्यानंतर एकच दिवस ती धानात चालली. एका पायाची रेघ सरळ, दुसऱ्याची जागोजागी तुटलेली. मुकादम ती रेघ पाहून पुढे गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई होती.

पुढे मी त्याच दुकानात दूरचा चष्मा केला. "सायकल के लिए," मोठ्याने म्हटलं. कोणी हसलं नाही. दुकानदाराने मान वर करूनही पाहिलं नाही.

आता ती घरी बिड्या वळते. तिचीही नजर अधू झाली तेव्हा तो जवळचा चष्मा मी तिला दिला. "ट्रॉलीवाल्यानं मधातच उभी केली होती, तुहा काय दोष," असं ती अजून म्हणते. तिला वाचता येत नाही, म्हणून मी हे वहीत लिहू शकते.

काल पानं कापता कापता म्हणाली, "चष्मा झकास आहे, बाई. तुले कसा नाही जमला?"

"माझा नंबर बदलला," मी म्हटलं, आणि सायकल पुसत राहिले.