आत्याबाई जामीन राहिल्या

माझ्या नवऱ्याला विमानतळावरून परत पाठवलं, ही बातमी मला माझ्या सासूनंच दिली. नवरा आखातात वेल्डर. बापाच्या तेरवीला गावी आला होता. परत निघाला, तर मुंबईला त्याचा पासपोर्ट बाजूला ठेवून सांगितलं, पोरीची पोटगी थकली आहे, कोर्टाची बंदी आहे, देश सोडता येणार नाही. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, फोनवर म्हणाल्या, "त्याले परत पाठवलं वं बाई. तू केलं का हे?" मी म्हटलं, "हाव आत्याबाई, मीच केलं." मग त्यांनी विचारलं, "पोरीचा खोकला कसा हाय?"

पोरगी दुसरीत असताना त्यानं आम्हा दोघींना मोताळ्याजवळ माझ्या माहेरी आणून सोडलं होतं. "दिवाळीले नेतो" म्हणाला. कोणत्या दिवाळीला ते काही बोलला नाही. कोर्टानं पोटगी बांधून दिली, ती थोडे दिवस आली, मग बंद. का, तर म्हणे कंपनी पगार देऊन नाही राह्यली. आणि स्टेटसला फोटो काय, तर काळा चष्मा लावून समुद्राकाठी उभा! पगार नाही तर चष्मा काय कंपनीच्या मालकानं वाढदिवसाला दिला? मी अंगणवाडीत मदतनीस आहे. त्या मानधनात पोरगी वाढवून दाखवावी कोणी. माझ्या वकिलानं अर्ज केला आणि ही बंदी आणली.

गावात माझं तोंड दाखवणं मुश्कील झालं. नवऱ्याच्या पोटावर पाय दिला म्हणे मी. पोरीच्या पोटावर इतकी वर्षं कोणाचा पाय होता, हे एकानंही विचारलं नाही. माझी सख्खी भावजयसुद्धा म्हणाली, "ताई, इतकं टोकाले नव्हतं जाव लागत." ती ताटात वाढत होती, म्हणून मी गप्प बसले.

त्यानं त्या बंदीला आव्हान दिलं. बुलढाण्याच्या कोर्टात त्याचा वकील उभा राहून बोलला, की परदेशी जाणं हा माणसाचा हक्क आहे, तो गुन्हेगार नाही, आणि इथंच अडकला तर त्याची नोकरी जाईल, मग पोटगी कुठून भरेल? मला त्या वकिलाचा संताप आला, कारण तो खोटं बोलत नव्हता. इथं ठेवून मी त्याचं काय करणार होते, लोणचं? आणि गेला तर तो पुन्हा हाती लागणार नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? न्यायाधीश म्हणाले, काही रक्कम आत्ता भरा, दर महिन्याची कोर्टात जमा करा आणि मालमत्ता असलेला जामीन आणा. मग बंदी उठवतो.

जामीन म्हटल्यावर त्याचे दोस्त मोबाइल कानाला लावून बाहेर निघून गेले. चुलतभाऊ सातबारा घरी राहिला म्हणाला. तेव्हा मागच्या बाकावरून आत्याबाई उठल्या. सासऱ्यांनी जिवंतपणीच दोन एकर वावर त्यांच्या नावावर केलं होतं. त्या म्हणाल्या, "मी हाव ना मधात."

आमच्याकडे मधात राहणं ही मोठी गोष्ट आहे. बैलजोडीचा सौदा असो की सोयरीक, एक माणूस मधात लागतो. व्यवहार फिसकटला तर दोन्हीकडच्या शिव्या तोच खातो, पुन्हा त्याच्या शब्दाला कोणी विचारत नाही. पण शिव्या खाल्ल्या की संपलं. मधातल्या माणसाचं वावर कोणी नेत नाही. आत्याबाई गावातल्या किती सोयरिकींत मधात होत्या आणि त्यांचा शब्द कधी खाली पडला नव्हता.

मी त्यांना कोर्टाच्या आवारात नळापाशी गाठलं. म्हटलं, "आत्याबाई, हे सोयरिकीतलं मधात नाही. त्यानं पैसे नाही भरले तर तुमचं वावर जाईन."

"माह्या पोटचा हाय तो. माह्या शब्दाच्या बाहेर जाईन का?"

"माह्यासंग त्यानं काय केलं, पाह्यलं ना?"

"तुह्या सोयरिकीत मी मधात नव्हती," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन अंगठा देऊन आल्या.

तो गेला. दोन महिने पैसे जमा झाले. नंतर पहिले पाढे पंचावन्न. आईचाही फोन उचलेना. माझ्या वकिलानं नवा अर्ज टाईप करून समोर ठेवला: थकलेली रक्कम जामीनदाराकडून वसूल करावी. जामीनदार म्हणून खाली आत्याबाईंचं नाव. मी सही केली नाही, विचार करते म्हणाले. विचार कसला करायचा होता? पोरीला चिखलीच्या शाळेत घालायचं होतं, तिथल्या वसतिगृहाचे पैसे भरायची मुदत जवळ येत होती. नाही भरले तर तिचं शिक्षण गावातच थांबणार होतं. मला माझा नवरा मेलेला बरा वाटला, खरंच सांगते.

मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी आत्याबाई तुरीची डाळ घेऊन घरी आल्या. वाळल्या होत्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सही काऊन नाही करत तू?"

त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, "तुमचं वावर हाय ते."

"मी मधात होती. मग मलेच विचारतीन ना लोकं? कर सही."

मी सही केली. कोर्टाची नोटीस त्यांच्या दारी गेली. जप्ती येण्याआधीच त्यांनी एक एकर भावकीतल्या एकाला विकून पैसे कोर्टात भरले. घेणाऱ्यानं अडलेली बाई पाहून भाव पाडला. उरलेल्या एकरात त्या आता एकट्या राबतात, आणि तो एकरही किती दिवस टिकेल, मला माहीत नाही. पुढच्या अर्जावर पुन्हा माझीच सही लागेल.

पोरगी चिखलीला निघाली, त्या दिवशी आत्याबाई तिला भेटायला आल्या होत्या. मला आधीच बाजूला घेऊन बजावलं, "पोरीले सांगजो नको, कोनाचे पैसे हाय ते." बॅग भरता भरता पोरीनं विचारलं, "आई, पप्पानं पाठवले ना पैसे?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. म्हटलं, "हाव."

"मी म्हणत नव्हती का तुले, पप्पा चांगले हायेत म्हणून? तूच उगाच बोलत राह्यते त्यायले."

आत्याबाई तिच्या फ्रॉकची घडी करत होत्या. मान खालीच ठेवून म्हणाल्या, "हाव माय, चांगला हाय तो." मला त्या बाईचा इतका राग आला, की मी उठून अंगणात गेले आणि रडले.