सुई कोणामुळे हलली

साठच्या दशकात अमरावतीच्या कॉलेजात मी पृथ्वीचं क्षीण चुंबकत्व मोजत होते. लोखंडी वस्तू दाराबाहेर ठेवायच्या, हा सरांचाच नियम. मी केसांतल्या पिनासुद्धा काढून ठेवल्या होत्या. तरी सर बघायला वाकले, की चुंबकसुई सरकायची.

"बांगड्या काढ," ते खेकसले. "त्याच सुई हलवून राहिल्या."

"काचेच्या आहेत, सर. नाही काढत. तुमीच मांगं सरका."

सर रागानं मागे सरले आणि सुई जागेवर आली. त्यांच्या कमरेला कपाटांच्या लोखंडी किल्ल्यांचा जुडगा होता.

आता म्हणे काचेच्या तंतूंतून प्रकाश सोडून, अणूंच्या वाफेनं याहून क्षीण चुंबकत्व पकडतात. पकडा खुशाल. फक्त पोरीच्या हाताकडे बोट दाखवण्याआधी आपली कंबर चाचपा.